तीन वाटांची एक शर्यत

आखाड्यांत घुमणारा मल्ल, नदीचें पात्र तोडून पैलतीर गांठणारा पोहणारा आणि कोस न् कोस चालूनहि न थकणारा वाटसरू हीं आपल्याकडे शरीरबळाचीं निरनिराळीं उदाहरणें समजलीं जातात. एकाच मनुष्यानें एकाच दिवशीं, मध्यें विसांवा न घेतां, प्रथम पोहावें, मग सायकल चालवावी आणि अखेरीस धांवावें, असें कोणी सांगितलें, तर धुळें जिल्ह्यांतील शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गांवीं ऐकणारा आधीं हंसेल आणि मग विचारील, "पण हा खटाटोप कशासाठीं?" प्रश्न रास्त आहे. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून केवळ हौसेखातर या मार्गास लागणारांची संख्या महाराष्ट्रांत वाढत आहे. तेव्हां त्या प्रश्नाचें उत्तर शोधणें अगत्याचें आहे.

या खेळास ट्रायथलॉन म्हणतात. तो फार जुना नाहीं. अमेरिकेंतील सॅन डिएगो शहरीं २५ सप्टेंबर १९७४ रोजीं या नांवाची पहिली शर्यत झाली. पुढें हवाई बेटांत जॉन कॉलिन्स हे आरमारी अधिकारी व त्यांच्या पत्नी ज्युडी यांच्या मंडळींत असा वाद निघाला कीं, पोहणारा, सायकलस्वार आणि धांवणारा या तिघांत अधिक कणखर कोण? वादाचा निकाल लावण्यासाठीं तेथील तीन परिचित शर्यतींचीं अंतरें एकापुढें एक जोडण्यांत आलीं. १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं १५ जण निघाले व १२ जण शेवटास पोहोंचले. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॉलर यास ११ तास, ४६ मिनिटें व ५८ सेकंद लागले. तींच अंतरें पुढें 'आयर्नमन' या नांवानें रूढ झालीं: ३.८ किलोमीटर पोहणें, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धांवणें. इतक्या अंतराचा धसका घेणारांसाठीं याच्या निम्मी शर्यतहि असते. २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिक सामन्यांत या खेळाचा समावेश झाला, तेथील अंतरें १.५, ४० व १० किलोमीटर अशीं आहेत. आणि नवशिक्यांसाठीं त्यांच्याहि निम्मीं ठेवलेलीं असतात.

आपल्याकडे या खेळाचें नांव घरोघरीं झालें तें २०१५ च्या जुलै महिन्यांत. मुंबईच्या शिवाजी पार्क भागांत वाढलेले मिलिंद सोमण हे तरुणपणीं पोहण्यांतील राष्ट्रीय विजेते होते. पुढें जाहिराती व चित्रपट यांमुळें ते लोकांस ठाऊक झाले. पन्नाशीस अवघे कांहीं महिने उरले असतां त्यांनीं स्वित्झर्लंडमधील झुरिच येथें पूर्ण आयर्नमन १५ तास १९ मिनिटांत पुरी केली. पुण्याचे कौस्तुभ राडकर हेहि मूळचे पोहणारेच. त्यांनीं ही शर्यत वीसाहून अधिक वेळां पार पाडली व अनेक हौशी लोकांस या मार्गास लावलें.

आतां एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जगांतील निवडक व्यवसायी खेळाडू हेंच अंतर आठ तासांच्या आसपास संपवितात. म्हणजे सोमण यांस त्यांच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागला. तरीहि त्या दिवसास कोणीं पराभव म्हटलें नाहीं. याचें कारण असें कीं, हौशी मनुष्याची झुंज पहिल्या येणाराशीं नसतेच. ती घड्याळानें घातलेल्या मर्यादेशीं आणि स्वतःच्या शिदोरीशीं असते. अंगीं किती बळ आहे यापेक्षां, असलेलें बळ कोठें, किती आणि केव्हां खर्चावें, याचीच ही परीक्षा आहे. तीन प्रकारांचा हा खेळ वस्तुतः एकाच गुणाचा आहे, आणि तो गुण म्हणजे तारतम्य.

समजा, शिंदखेड्यांतील एखाद्या चाळिशीच्या शिक्षकानें किंवा दुकानदारानें निम्मी आयर्नमन करण्याचें मनांत घेतलें. गोव्यास मिरामारच्या किनाऱ्यावर २० ऑक्टोबर २०१९ रोजीं ही शर्यत प्रथम झाली. तींत १.९ किलोमीटर समुद्रांत पोहून, ९० किलोमीटर सायकल मारून, २१.१ किलोमीटर धांवावें लागतें. त्यानें तयारी कशी करावी?

पोहण्यापासून आरंभ करूं. पाणी हवेहून सुमारें आठशें पट दाट आहे. म्हणून पाण्यांत बळ वाढविण्यापेक्षां अडथळा कमी करणें अधिक फळतें. खानदेशांतील पुष्कळ मुलें पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरींत पोहावयास शिकलीं. जीव वाचविण्यापुरतें तें पोहणें उत्तमच. परंतु डोकें वर धरून हात मारतांना कंबर खालीं जाते, शरीर तिरपें होतें आणि नांगर ओढावा तसें पाणी ओढावें लागतें. दोन किलोमीटरांच्या अंतरास ही रीत फार महाग पडते. तोंड पाण्यांत ठेवून तेथेंच श्वास सोडणें आणि मान न उचलतां केवळ कुशीकडे वळवून श्वास घेणें, ही एवढीच गोष्ट साधण्यास प्रौढ माणसास कित्येक महिने लागतात.

येथेंच सर्वांत मोठा धोका आहे. अमेरिकेंत १९८५ ते २०१६ या काळांतील अशा शर्यतींचा एका वैद्यकीय पाहणींत अभ्यास झाला. मृत्यूच्या व हृदय एकाएकीं बंद पडल्याच्या मिळून १३५ घटना आढळल्या. प्रमाण फार नव्हतें. एक लाख स्पर्धकांमागें दोनाहूनहि कमी. परंतु त्यांतील ९० घटना पोहतांनाच घडल्या होत्या, आणि त्या दुर्दैवी मंडळींचें सरासरी वय सुमारें ४७ वर्षांचें होतें. गर्दीची धक्काबुक्की, आरंभींची घाई, मनाची धास्ती आणि न ओळखलेला हृदयविकार यांचा मेळ पाण्यांत पडला, तर थांबावयास जमीन नसते. यास्तव चाळिशी ओलांडलेल्यानें वैद्याकडून छाती तपासून घेतल्यावांचून या वाटेस जाऊं नये. शिंदखेडा तालुक्याच्या उत्तरेस तापी आहे, सुलवाडे येथें तिच्यावर बॅरेजहि आहे. पण अडविलेलें पाणी शांत दिसलें तरी दरवाजे उघडतांच त्याचें रूप पालटतें. तेथें एकट्यानें उतरणें हें धाडस नव्हे, अविचार होय. आठवड्यांतून दोनदां मोठ्या गांवच्या तरणतलावावर जावें लागलें तरी तो हेलपाटा सोसावा.

सायकलचें गणित निराळें. येथें शत्रु म्हणजे हवा. सपाट रस्त्यावर वेग वाढला कीं हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो आणि तो तोडण्यास लागणारी शक्ति घनाच्या प्रमाणांत. ताशीं २५ किलोमीटरांवरून ३० वर जावयाचें, म्हणजे वेग एक पंचमांशानें वाढवावयाचा. पण त्यासाठीं हवेवर खर्च होणारी शक्ति पाऊणपटीच्या जवळपास अधिक लागते. दोंडाईचाच्या वाटेवर पश्चिमेचा वारा समोरून आला कीं हा हिशेब मांड्यांना आपोआप समजतो. जाणता स्वार अशा वेळीं वेगाचा हट्ट सोडून श्रम समान ठेवतो. जो सायकलवर दहा मिनिटें वांचविण्यासाठीं ऊर फुटेतों पाय मारतो, तो पुढें धांवतांना अर्धा तास गमावतो.

सायकलवरून उतरतांच पाय लांकडासारखे होतात. कित्येक तास एकाच वर्तुळांत फिरलेल्या स्नायूंस एकदम निराळी चाल करावी लागते, म्हणून असें होतें. त्यावर उपाय एकच: आठवड्यांतून एकदां सायकल संपवून लागलीच पंधरा-वीस मिनिटें सावकाश धांवावें. पांच-सहा आठवड्यांत पाय तो पालट ओळखूं लागतात.

धांवण्याचा प्रश्न मुख्यतः शिदोरीचा व उष्णतेचा आहे. मनुष्याच्या स्नायूंत व यकृतांत साखरेचा जो सांठा असतो, तो सुमारें दोन हजार कॅलरींचा. धांवतांना दर किलो वजनास दर किलोमीटरमागें साधारण एक कॅलरी खर्च होते. म्हणजे सत्तर किलोच्या माणसास नुसत्या २१ किलोमीटरांस दीड हजारांच्या आसपास लागतील. त्याआधीं पोहणें व सायकल यांत सांठ्याचा मोठा वांटा गेलेला असतो. शरीरांतील चरबीहि जळते, परंतु सावकाश. म्हणून सायकलवर असतांनाच तासाला सुमारें साठ ग्रॅम शर्करा पोटांत जावी लागते. मध्यम केळ्यांत ती पंचवीस ग्रॅमांच्या आसपास असते. तेव्हां तासाला अडीच केळीं झालीं. शेजारच्या जळगांव जिल्ह्याचें केळें प्रसिद्ध आहे. खानदेशच्या माणसास यासाठीं परदेशीं पुड्यांची गरज नाहीं. मात्र आदल्या रात्रीं शेवभाजी व झणझणीत रस्सा यांस हात जोडावे. पोटासहि सराव लागतो. शर्यतीच्या दिवशीं नवें कांहीं खाऊं नये, हा या खेळांतील जुना नियम आहे.

उष्णतेविषयीं मात्र खानदेशच्या माणसाची एक विलक्षण फसगत होऊं शकते. श्रम करतांना शरीरांत खर्च होणाऱ्या शक्तीचा सुमारें तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडावा लागतो, आणि तें काम घाम करतो. एक लिटर घाम वाळला म्हणजे सुमारें ५८० कॅलरी उष्णता नाहींशी होते. पण तो वाळला तरच. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यांत घाम आला केव्हां आणि उडाला केव्हां, हेंच कळत नाहीं. सदऱ्यावरील मिठाचे पांढरे डाग तेवढे साक्ष देतात. उलट गोव्याच्या दमट हवेंत घाम नुसता निथळतो. निथळलेला घाम शरीर थंड करीत नाहीं. चव्वेचाळीस अंशांत वावरलेला मनुष्य बत्तीस अंशांस क्षुल्लक समजतो आणि तेथेंच घेरी येऊन पडतो. शरीरास नव्या हवेची संवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तितके दिवस आधीं जाणें नोकरदारास अशक्य. म्हणून त्यानें आपली चाल मुद्दाम कमी ठेवावी.

तहानेच्या धास्तीनें पाणी ढोसणें हेंहि तितकेंच घातक. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धांवणारांचें रक्त तपासलें असतां, त्यांपैकीं शेंकडा १३ जणांच्या रक्तांतील सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेलें आढळलें. त्यांत वाटेंत वजन वाढलेले, म्हणजे गमावलें त्याहून अधिक प्यालेले, लोक विशेष होते. मीठ-साखरेचें पाणी तहानेप्रमाणें घोट घोट घ्यावें, हा मार्ग सुरक्षित होय.

आतां घरची बाजू. निम्म्या शर्यतीच्या तयारीस आठवड्यास आठ-दहा तास द्यावे लागतात. हे तास आकाशांतून पडत नाहींत. ते झोपेंतून, दुकानांतून किंवा मुलांच्या वांट्यांतून येतात. म्हणून घरांतील माणसांशीं बोलून, वर्षांत एखादीच मोठी शर्यत धरून, पहांटेचे दोन तास ठरवून घेणें हा या साधनेचा पहिला धडा समजावा. झोप कमी करून मात्र व्यायाम वाढवूं नये. कारण शरीर बळकट होतें तें श्रमांच्या वेळीं नव्हे, श्रमानंतरच्या विश्रांतींत. पांचांतील चार भाग सराव इतका सौम्य असावा कीं सोबत्याशीं पूर्ण वाक्यांत बोलतां यावें. नवशिक्यास हें खोटें वाटतें; तो रोज दम लागेतों धांवतो आणि दोन महिन्यांत गुडघा धरून बसतो. शर्यतीपूर्वींचे शेवटचे दोन आठवडे सराव उतरता ठेवावा. त्या दिवसांत नवी कमाई होत नाहीं; झालेली कमाई टिकवावयाची असते.

असा मनुष्य वर्षभर चालून एके दिवशीं मिरामारच्या वाळूवर उभा राहतो. पाण्यांत तो सर्वांच्या मागें राहतो, कारण धक्काबुक्की टाळण्याचें त्यानें ठरविलेलें असतें. सायकलवर कितीतरी जण त्याला मागें टाकतात. तो त्यांना जाऊं देतो. धांवण्याच्या शेवटच्या भागांत त्यांपैकीं कांहींजण रस्त्याच्या कडेला पोटऱ्या चोळीत बसलेले दिसतात आणि हा सावकाश, पण न थांबतां पुढें जातो. आणि छातींत कळ आली किंवा डोळ्यांपुढें अंधारी आली, तर त्याच तारतम्यानें तो तेथेंच थांबतो व स्वयंसेवकास हांक मारतो. अशा थांबण्यांत कमीपणा नाहीं. शर्यत पुढच्या वर्षींहि होणार असते. शिंदखेड्याच्या घरीं वाट पाहणाऱ्या माणसांना तो मात्र त्याच रात्रीं सुखरूप हवा असतो.

"हा खटाटोप कशासाठीं?" या प्रश्नाचें उत्तर यांत आहे. शर्यत वर्षांतून एका दिवसाची. पण तिच्या निमित्तानें पहांटे उठणें, मोजून खाणें, वेळेवर निजणें, दुसऱ्याच्या वेगानें बिथरून न जाणें आणि आपली मर्यादा लाज न बाळगतां ओळखणें, हें उरलेल्या सर्व दिवसांचें शिक्षण होतें. पदक भिंतीवर राहतें. शिक्षण शरीरांत व स्वभावांत मुरतें, आणि तें ज्याच्या पदरीं पडलें तो कितव्या क्रमांकानें आला, हें विचारण्याचें कारण उरत नाहीं.