सीपॅप यंत्रातील ह्युमिडिफायर
सीपॅप यंत्रातील ह्युमिडिफायर हे निद्रा श्वासरोधाच्या (स्लीप ॲप्निया) रुग्णाला मुखवट्यातून मिळणारी हवा कोमट व ओलसर करणारे उपकरण आहे. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ही उपचारपद्धती प्रथम प्रसिद्ध केली.

दाबाने येणाऱ्या हवेमुळे नाक व घसा कोरडे पडून खोकल्याची उबळ येऊ शकते. झोपेत तोंड उघडे राहून हवा गळत असल्यास केवळ आर्द्रता वाढवून भागत नाही. मुखवटाही तपासावा लागतो. उलट आर्द्रता जास्त आणि खोली थंड असल्यास नळीत पाणी साचते, गुरगुर आवाज येतो व ठसका लागतो. यंत्र उशीच्या पातळीखाली ठेवणे किंवा तापणारी नळी वापरणे हे त्यावरील उपाय होत.

टाकीत ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी भरतात. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण विरघळलेले क्षार तसेच राहतात. म्हणून कूपनलिकेचे जड पाणी उकळून वापरले तरी टाकीच्या तळाशी पांढरा थर धरतो. उरलेले पाणी रोज सकाळी ओतून टाकी सौम्य साबणाने धुतात व वाळवतात. शिळ्या पाण्यातच ताजे पाणी घालत राहणे सोयीचे वाटले तरी त्यात जंतू व बुरशी वाढते.

खोकला टिकून राहिल्यास दमा, जठरातील आम्ल वर येणे किंवा रक्तदाबावरील एनालाप्रिलसारखी औषधे ही कारणेही डॉक्टर तपासतात. यंत्र परस्पर बंद केल्यास श्वासरोध पुन्हा सुरू होतो.