फी ठरते जागेवर
लेखमाला : अभियांत्रिकीचा प्रवेश (भाग ४)

मागच्या भागात पर्सेंटाइल आणि कटऑफ यांचा मेळ कसा घालायचा ते पाहिले. आता ऑप्शन फॉर्म समोर आहे आणि घराघरांत वाद सुरू झाला आहे : सरकारीच हवे, की खासगी चालेल? हा वाद बहुतेक वेळा अर्धवट माहितीवर रंगतो. महाराष्ट्रात या दोन पाट्यांखाली निरनिराळ्या प्रकारच्या संस्था आहेत, आणि घरातून किती पैसा जाणार हे त्या प्रकारावर अवलंबून असते.

सरकारी बाजू तुलनेने सोपी. कराड, अमरावती, जळगाव, चंद्रपूर इथली शासकीय महाविद्यालये थेट सरकारची. पुण्याचे १८५४ सालचे सीओईपी २०२२ पासून स्वतंत्र सार्वजनिक विद्यापीठ झाले. सांगलीच्या वालचंदला लोक सर्रास सरकारी म्हणतात, पण ते अनुदानित आहे. माटुंग्याचे व्हीजेटीआयही तसेच. अनुदानित महाविद्यालयात एखादी शाखा विनाअनुदानित असू शकते, म्हणून जागांच्या तक्त्यात शाखेसमोर काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय क्रम लावू नये.

गोंधळ होतो तो खासगीच्या बाजूला. १९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना राज्याने दार उघडले. पुण्याचे पीआयसीटी आणि व्हीआयटी, कोल्हापूरचे केआयटी ही त्याच वर्षीची. या महाविद्यालयांच्या बहुतांश जागा राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून भरतात. २०१५ च्या कायद्याने त्यांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते : संस्थेने खर्चाचा हिशोब द्यायचा, प्राधिकरणाने तो तपासून आकडा मंजूर करायचा. हा आकडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. प्रवेशाच्या खिडकीवर त्याहून जास्त रक्कम सांगितली तर लेखी मागा.

खासगी विद्यापीठ आणि अभिमत विद्यापीठ यांचा मामला मात्र वेगळा आहे. ती स्वतःची पदवी देतात आणि त्यांच्या फीची व प्रवेशाची व्यवस्थाही निराळी असते. नावावरून हे ओळखू येत नाही, आणि पालक फसतात ते इथेच. बिबवेवाडीचे विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे कॅपमधले स्वायत्त महाविद्यालय, तर विश्वकर्मा युनिव्हर्सिटी हे खासगी विद्यापीठ. आळंदीची एमआयटी अकॅडमी कॅपमध्ये आहे. कोथरूडचे एमआयटी २०१७ पासून खासगी विद्यापीठ आहे. शिक्षण कुठे चांगले, हा इथे मुद्दाच नाही. मुद्दा आहे सवलतींचा.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी या प्रवर्गांतल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांबरोबर विनाअनुदानित महाविद्यालयेही त्यात आहेत. खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजेच खासगी, विद्यापीठे त्यातून वगळली आहेत. प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या मुलीला ही माफी नाही.

आकड्यांत पाहू. समजा, एका विनाअनुदानित महाविद्यालयाची मंजूर फी दीड लाख आहे : शिक्षण शुल्क १,३५,००० आणि विकास शुल्क १५,०००. कॅपमधून आलेल्या पात्र मुलीला विकास शुल्काचे १५,००० आणि किरकोळ इतर शुल्क भरावे लागेल. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मे शिक्षण शुल्क मिळणाऱ्या मुलाला ८२,५०० पडतील. मॅनेजमेंट कोट्यातून आलेल्या विद्यार्थ्याला निदान पूर्ण दीड लाख. तिघे एकाच वर्गात, एकाच फळ्यासमोर! शिवाय शिक्षण शुल्क माफ असणाऱ्या टीएफडब्ल्यूएसच्या मोजक्या जागा असतात, त्यांना वेगळा चॉइस कोड असतो आणि तो भरायचा अनेकांचा राहून जातो. म्हणून ‘खासगी आपल्याला परवडणार नाही’ असे म्हणत मुलीच्या यादीतून चांगली नावे खोडणाऱ्या वडिलांना माझी कळकळीची विनंती आहे : आधी हा हिशोब कागदावर मांडा. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची वा प्रवर्गाची कागदपत्रे आजच तयार ठेवा. दाखला वेळेत हाती नसल्यामुळे माफी हुकणे यासारखे दुसरे दुःख नाही.

राहण्या-जेवणाचा खर्च या माफीत येत नाही. नांदेडच्या मुलाला पुण्यातल्या सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली आणि वसतिगृह मिळाले नाही, तर खोली आणि मेस मिळून वर्षाचा आकडा फीच्या वर जाऊ शकतो. तरीही, हवी ती शाखा जुन्या, नावाजलेल्या शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालयात मिळत असेल, तर ती यादीत सर्वांत वर ठेवावी असेच माझे मत आहे. स्थापत्य, विद्युत, यंत्र या शाखांना लागणाऱ्या प्रयोगशाळा तिथे पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या आहेत, आणि पन्नाशीतले माजी विद्यार्थी आजही आपल्या कॉलेजच्या पोरांना नोकरीसाठी हाक मारतात.

पण ‘सरकारी’ एवढ्या एका शब्दावर विसंबू नका. शासकीय महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर विभाग चालतात, हे राज्याचे जुने दुखणे आहे. खासगीकडचे दुखणे वेगळे. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या कामगिरीच्या संस्थांसाठी शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा उठवली आणि कॉम्प्युटरच्या जागा भराभर वाढल्या. निकष वीस विद्यार्थ्यांमागे एका शिक्षकाचा आहे. वर्षाला २४० जागा म्हणजे चार वर्षांचे ९६० विद्यार्थी आणि त्यांना ४८ शिक्षक. संकेतस्थळावर विभागाच्या शिक्षकांची यादी असते. ती मोजा, आणि रुजू झाल्याची तारीख दिली असेल तर तीही पाहा. निम्मी मंडळी मागच्या वर्षी आलेली असतील तर त्याचे कारण विचारा.

एनबीएचे मानांकन शाखेला मिळते, नॅकचे संस्थेला; आपल्याला हवी ती शाखा मानांकित आहे का, हे वेगळे तपासावे लागते. फलकावरच्या सर्वांत मोठ्या पॅकेजकडे पाहू नये. शाखेतल्या मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाले आणि किती जणांना नोकरीच लागली नाही, हे विचारावे. उत्तर प्रवेश कक्षात मिळाले नाही तर कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांजवळ बसा. जर्नल नुसते उतरवून होते की प्रयोग खरोखर होतात, हे ती पोरे न विचारता सांगतात.

पुढच्या भागात : कॅपच्या फेऱ्या, ‘फ्रीझ’ आणि ‘बेटरमेंट’, आणि घेतलेला प्रवेश रद्द केल्यावर फी व मूळ कागदपत्रे परत मिळवण्याचे नियम.