हातोडी वाजवा, चीज ओळखा!

दोस्तांनो, हॉटेलात पास्ता मागवला, की पुष्कळदा वर पिवळसर चीजचा कीस भुरभुरलेला असतो. मेनूकार्डावर त्याचे नाव असते 'पार्मेझान'. पण हे नाव आले कुठून? आणि खरे पार्मेझान ओळखायचे कसे? चला, थेट त्याच्या गावालाच जाऊ या.

इटलीच्या उत्तरेला पार्मा आणि रेज्जो एमिलिया अशी दोन शहरे आहेत. त्यांच्यावरूनच या चीजचे पूर्ण नाव पडले, पार्मिजानो रेज्जानो. ही दोन, मोडेना आणि बोलोन्या व मांतुआ यांचा काही भाग, एवढ्याच मुलखात ते बनते. मध्ययुगात तिथल्या मठांतले साधू ते बनवत. म्हणजे त्याचे वय झाले आठशे वर्षांहून जास्त!

तांब्याची कढई आणि कालचे विरजण

यात पडते काय काय? दूध, मीठ आणि दूध गोठवणारे रेनेट. बस्स! रंग नाही, टिकवण्यासाठी घालायची पावडर नाही. संध्याकाळचे दूध रात्रभर ठेवून त्यावरची साय काढतात. त्यात सकाळचे ताजे दूध मिसळून ते तांब्याच्या मोठ्या कढईत ओततात. आपली आजी दह्याला कालचे विरजण लावते ना? तसेच इथेही आदल्या दिवशीच्या चीजचे उरलेले पाणी विरजण म्हणून घालतात.

दूध गोठले, की त्याचा बारीक चुरा करून तो तापवतात. तळाशी बसलेला गोळा कापडात उचलून त्याचे दोन भाग करतात. एका कढईतून अशी दोन चाके तयार होतात. एका चाकाचे वजन सुमारे ४० किलो, आणि त्याला दूध लागते सुमारे ५५० लिटर! मग ही चाके जवळजवळ तीन आठवडे मिठाच्या पाण्यात डुंबतात आणि नंतर फळ्यांवर जाऊन बसतात. किती दिवस? कमीत कमी बारा महिने! काही तर दोन-तीन वर्षेही.

परीक्षेचा दिवस

बारा महिने झाले, की चाकाची परीक्षा होते. परीक्षक हातात छोटी हातोडी घेऊन येतो आणि चाकावर ठिकठिकाणी टकटक करतो. आपण कलिंगड वाजवून पाहतो ना, तसेच. आत भेग किंवा पोकळी असेल, तर आवाज बदलतो. पास झालेल्या चाकावर तापवलेला शिक्का उमटतो. नापास झाले, तर सालीवरचे नावच खरवडून टाकतात!

एवढ्या मेहनतीचा हा माल सोन्यासारखा जपला जातो. तिथली क्रेडेम नावाची बँक तर चीजची चाके गहाण ठेवून घेऊन शेतकऱ्यांना कर्ज देते.

आणि जमीन हादरली...

२० आणि २९ मे २०१२ रोजी याच भागाला मोठे भूकंप झाले. माणसे दगावली, घरे पडली. गोदामांतले उंच घोडे एकावर एक कोसळले आणि तीन लाखांहून जास्त चाकांचे नुकसान झाले. वर्षभराची, दोन वर्षांची मेहनत जमिनीवर! तेव्हा मोडेनाचे प्रसिद्ध आचारी मास्सिमो बोत्तुरा यांनी एक पाककृती तयार केली : भात, मिरपूड आणि हेच चीज. लोकांनी फुटके तुकडे विकत घ्यावेत, म्हणून. त्याच वर्षी ऑक्टोबरात एका ठरलेल्या रात्री हजारो घरांत हे चीज घालून जेवण रांधले गेले. लोकांनी फुटके चीज मोठ्या प्रमाणात विकत घेतले आणि त्याचा चीज बनवणाऱ्यांना आधार झाला.

नाव कुणाचे?

देवगडचा हापूस म्हणून भलताच आंबा गळ्यात पडला, तर कसे वाटते? चीजचेही तसेच. २००८ साली युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला, की युरोपीय संघात 'पार्मेझान' हे नाव फक्त पार्मिजानो रेज्जानोलाच लावता येईल. पण अमेरिकेसारख्या देशांत दुसरीकडे बनलेल्या चीजलाही ते नाव चालते. म्हणून तुकडा घेताना सालीकडे पाहा. ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत नाव कोरलेले दिसले, तर ते खरे!

शाकाहारी घरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. खऱ्या पार्मिजानोतले रेनेट वासराच्या पोटातून मिळवलेले असते. सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट वापरून केलेली कडक चीजही बाजारात असतात. पाकिटावरचे हिरवे चिन्ह पाहून ती घ्या. नाव वेगळे असेल, पण पास्ता छानच होईल.

करून पाहा (आईबाबांच्या मदतीने)

दोघांसाठी २०० ग्रॅम पास्ता मिठाच्या उकळत्या पाण्यात शिजवा. गाळण्यापूर्वी कपभर पाणी बाजूला काढून ठेवा. गॅस बंद करून गरम पास्त्यात ४० ग्रॅम लोणी, ६० ग्रॅम ताजे किसलेले चीज आणि थोडे थोडे ते पाणी घालून भराभर ढवळा. मस्त दाट रस तयार होईल. इटलीतली मुले हा पास्ता आवडीने खातात. पार्मिजानोची साल उरली, तर फेकू नका हं! स्वच्छ खरवडून भाज्यांच्या सूपमध्ये टाका. बारा महिने वाट पाहून झालेल्या चीजचा एक कणही वाया घालवायचा नाही!