टर्बोचा सांडवा

घाट लागला की गाडी ओढत नाही, मागे काळा धूर सुटतो, आणि गॅरेजमध्ये निदान ठरलेलं असतं: ‘टर्बो गेला.’ या दोन शब्दांपायी गाडीमालकांचे हजारो रुपये जातात. पुष्कळदा टर्बो ठणठणीत असतो. अडकलेली असते ती त्याच्या पोटातली एक लहानशी झडप, वेस्टगेट.

उदाहरण घेऊ १२४८ सीसीच्या १.३ मल्टिजेटचं. फियाटचं हे डिझेल इंजिन पुण्याजवळ रांजणगावातही बनत होतं. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा इतक्या गाड्यांत ते बसलं की लोक त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागले. २०२० साली बीएस-६ नियम आले आणि त्याचं भारतातलं उत्पादन थांबलं, पण ही इंजिनं अजून रस्त्यावर आहेत. त्याच्या ७५ अश्वशक्तीच्या प्रकारात वेस्टगेटचा साधा टर्बो असतो.

स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ साली पेटंट घेतलं, ते याच कल्पनेचं: वाया जाणाऱ्या एक्झॉस्टने चाक फिरवायचं आणि त्या चाकाने इंजिनात जादा हवा कोंबायची. यात एक धोका आहे. हवा वाढली की इंधन वाढतं, एक्झॉस्ट वाढतो, टर्बो आणखी जोरात फिरतो आणि आणखी हवा ढकलतो. या चक्राला आवर घालणारा सांडवा म्हणजे वेस्टगेट. दाब ठरावीक मर्यादेपर्यंत चढला की तो दाबच एका बारीक नळीतून ॲक्च्युएटरच्या डबीत जातो, आतला पडदा स्प्रिंगविरुद्ध सरकतो, दांडा पुढे येतो आणि झडप उघडून थोडा एक्झॉस्ट चाकाला वळसा घालून निघून जातो.

झडपेचा आस बिडाच्या घरात, लालबुंद होण्याइतक्या उष्णतेत आणि काजळीत फिरतो. फक्त गल्लीबोळांत हळू चालणारी गाडी ती झडप क्वचितच उघडते. त्यात पावसाळाभर गाडी उभी राहिली, की गंज आणि काजळी मिळून आस धरून ठेवतात.

झडप उघडी अडकली तर दाब चढतच नाही आणि स्कॅनरवर पी०२९९ हा कोड दिसतो. बंद अडकली तर दाब मर्यादेबाहेर जातो, पी०२३४ येतो आणि संगणक इंधन तोडून गाडीला ताकद कमी करणाऱ्या लिंप मोडमध्ये टाकतो. पण कोड म्हणजे निदान नव्हे. इंटरकूलरचा पाइप फाटला तरी पी०२९९ येतो. तेव्हा जोडावर तेलाचे डाग शोधावेत. आणि ॲक्च्युएटरची ती बारीक नळी तडकली, तर डबीपर्यंत दाबच पोचत नाही, झडप मिटलेली राहते आणि पी०२३४ येतो. किरकोळ किमतीची नळी, आणि बिल मात्र अख्ख्या टर्बोचं!

चांगला फिटर आधी दाब मोजणाऱ्या सेन्सरवर विश्वास ठेवता येईल का, ते पाहतो. इंजिन बंद, चावी चालू. स्कॅनरवरचा दाबाचा आकडा बाहेरच्या हवेच्या दाबाइतका हवा. मुंबईत साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात उंचीमुळे ९५च्या आसपास. मग थंड इंजिनावर डबीला हातपंप लावायचा. दांडा सरकायला हवा आणि पंपाच्या मापकाचा काटा स्थिर राहायला हवा. काटा घसरला तर पडदा फाटलाय. काटा स्थिर, पण दांडा हलत नाही, तर क्लिप काढून दांडा सोडवायचा आणि झडपेचा लिव्हर हाताने फिरवून बघायचा. तोही हलला नाही, तर दोषी सापडला.

पुढचं काम धीराचं आहे. आसावर गंज सोडवणारं तेल मारून ते मुरू द्यायचं, मग लिव्हर पुढे-मागे, पुढे-मागे, मोकळा होईपर्यंत. हातोडा नको, दांडा वाकतो. साधं ग्रीसही नको, तिथे ते जळून काजळीच वाढवतं. आणि दांड्याच्या नटला हात लावू नये: लांबी बदलली की झडप उघडण्याचा दाबच बदलतो. ‘पिकअप वाढवून देतो’ म्हणत तो नट आवळणारे इंजिनाचं आयुष्य खातात, असं माझं स्पष्ट मत आहे.

चाकाचा आस खुळखुळत असेल, पाती घराला घासत असतील, तर टर्बो खरोखरच गेलाय आणि तो बदलावाच. पण ते डोळ्यांनी दिसतं. म्हणून टर्बो बदलायच्या कागदावर सही करण्याआधी फिटरला सांगा: हातपंप लावा आणि दांडा माझ्यासमोर हलवून दाखवा.