मांजराचं स्पेसिफिकेशन

पेपरला निघताना मांजर आडवं गेलं की दोन पावलं मागे फिरणारी आपली जमात! पण मित्रांनो, मांजरालाही परीक्षा असते. तिथेही शंभरपैकी मार्क असतात आणि खानदानाचा दाखला मागतात.

१३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर या चित्रकाराने मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. नंबर द्यायचे तर 'उत्तम मांजर' म्हणजे काय ते आधी लिहायला हवं, म्हणून त्याने निकषही लिहिले. पुढे नोंदणी संस्था आल्या. अमेरिकेत १९०६ साली सीएफए, ब्रिटनमध्ये १९१० साली जीसीसीएफ.

नोंदणी संस्था मांजर बघत नाही, कागद बघते. जात मान्य आणि आई-बाप नोंदलेले असले की पिल्लाला नंबर आणि वंशावळ मिळते. मांजर बघण्याचं काम प्रदर्शनातल्या परीक्षकाचं. त्याच्यासमोर त्या जातीचं 'स्टँडर्ड' असतं. सीएफएच्या कागदावर सयामी मांजराला डोक्याचे २०, डोळ्यांचे १०, शरीराचे ३०, केसांचे १० आणि रंगाचे ३० गुण आहेत. थोडक्यात, तुलना शेजारच्या मांजराशी नाही, तर कागदावरच्या आदर्श मांजराशी.

अमेरिकेत एकाच हॉलमध्ये अनेक 'रिंग' असतात. प्रत्येक रिंगचा परीक्षक स्वतंत्र, त्यामुळे एका रिंगमध्ये पहिलं आलेलं मांजर दुसऱ्या रिंगमध्ये रिकाम्या हाताने परतू शकतं. ब्रिटनची जुनी पद्धत मात्र आपल्या पेपर तपासणीसारखी. पिंजऱ्यावर फक्त नंबर, आतलं अंथरूण आणि भांडी सगळी पांढरी. मालकांनी बाहेर थांबायचं, मांजर कुणाचं ते कळता कामा नये. तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून तीन प्रमाणपत्रं मिळाली की मांजर 'चॅम्पियन'.

सगळं काटेकोर आहे खरं, पण स्पेसिफिकेशनच चुकलं तर? १९६१ साली स्कॉटलंडमधल्या एका शेतावर दुमडलेल्या कानांची सूझी नावाची मांजरी सापडली. तिच्यापासून 'स्कॉटिश फोल्ड' ही जात तयार झाली. दिसायला गोंडस, पण कान दुमडतो तो कूर्चेतल्या दोषामुळे, आणि कूर्चा काही फक्त कानात नसते. सांधे दुखतात, शेपटी ताठरते. जीसीसीएफने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच या जातीची नोंदणी थांबवली. सीएफएने मात्र १९७८ साली तिला चॅम्पियनशिपचा दर्जा दिला. मांजर तेच, एका वहीत बाद आणि दुसरीत मानकरी! पुढे २०१६ साली यामागचा जनुकीय बदलही सापडला. म्हणजे इथे ज्या कानाला मार्क, तोच रोगाचं लक्षण.

आपण इंजिनिअर लोकांनी यातून एक गोष्ट घ्यावी. मोजमाप कितीही अचूक असलं, तरी काय मोजायचं हे ठरवणाऱ्याची जबाबदारी त्याहून मोठी. कारण ज्याला मार्क मिळतात, तेच पुढच्या पिढीत वाढत जातं.

आणि हो, वंशावळ नसलेल्या मांजरांसाठी सीएफएच्या प्रदर्शनात 'हाउसहोल्ड पेट' हा वेगळा गट असतो. त्यात जातीचं स्टँडर्ड नाही. तब्येत, रूप आणि स्वभाव बघतात. मेसच्या खिडकीत बसणाऱ्या आपल्या बाईसाहेब तब्येतीत तरी नक्की बाजी मारतील!