बोलका करडा पोपट आणि त्याचा थवा

जोंधळ्याचीं कणसें दाण्यावर आलीं कीं हिरव्या राघूंचे थवे शेतांत उतरतात आणि राखणदारास गोफण खालीं ठेवण्यास सवड मिळत नाहीं, हा आमच्या वाचकांचा दरसालचा अनुभव आहे. त्या वेळीं एकटा राघू सहसा दिसत नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवून पुढील मजकूर वाचावा. मुंबईच्या आप्तांकडे बोलका पोपट पाहून आपणही तसा आणावा असें ज्यांस वाटतें, त्यांच्याकरितां आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

बोलण्यांत निष्णात म्हणून ज्याची विशेष ख्याति आहे, तो आफ्रिकेंतील करडा पोपट होय. अंग राखाडी, चोंच काळी, शेपटी लालभडक आणि लांबी सुमारें ३३ सेंटिमीटर. पश्चिम व मध्य आफ्रिकेच्या जंगलांत तो थव्यानें राहतो, झाडाच्या ढोलींत अंडीं घालतो आणि तेलताडाचीं फळें आवडीनें खातो.

अमेरिकेंतील आयरीन पेपरबर्ग या विदुषींनीं १९७७ सालीं दुकानांतून घेतलेला ॲलेक्स नांवाचा असा एक पोपट सुमारें ५० वस्तूंचीं नांवें, ७ रंग आणि ६ पर्यंतची संख्या सांगूं शकत असे. तो २००७ सालीं मेला. त्यास शिकवितांना दोन माणसें त्याच्यासमोर एकमेकांशीं प्रश्नोत्तरें करीत आणि तो ऐकतां ऐकतां त्या संभाषणांत शिरे. ज्यांच्यांत राहावयाचें त्यांचा आवाज उचलून त्यांच्यांत मिसळावें, हा या पक्ष्याचा जातिस्वभावच आहे. पिंजऱ्यांत आल्यावर घरचीं माणसें हाच त्याचा थवा होतो.

आतां कफ परेडच्या मच्छीमार नगरासारख्या कोळी वस्तीचें उदाहरण घेऊं. घरास घर लागलेलें, कामें दाराशींच चाललेलीं. तेथें असा पोपट कोणी ठेवला, तर होडीच्या इंजिनाची घरघर, कुकरची शिटी, गिऱ्हाइकाशीं चाललेली घासाघीस आणि भांडणांतला शब्दही तो उचलील. कोणता शब्द घ्यावा हें धन्याच्या हातीं नसतें. पावसाळ्याच्या मासेमारीबंदींत माणसें घरीं असतात, तेव्हां त्यास सोबत भरपूर. पुढें नारळी पौर्णिमा झाली, पुरुष होड्यांवर आणि बायका बाजारास गेल्या, कीं तोच पक्षी दिवसभर एकटा पडेल. अशा एकाकी पोपटास स्वतःचीं पिसें उपटण्याची खोड लागते. रागें भरून ती सुटत नाहीं. शिवाय तो ४० ते ६० वर्षें जगूं शकतो. चाळिशींतील माणसानें हौसेनें आणलेला पक्षी बहुधा मुलांच्या गळ्यांत पडतो.

आहारांतही चूक होते. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवल्यास या जातीस कॅल्शियम कमी पडून झटके येतात. भाजीपाला व फळें रोज द्यावींत आणि माकुळाचें हाड, म्हणजे समुद्रफेन, पिंजऱ्यांत टांगावें. चॉकलेट व ॲव्होकॅडो त्यास विषासमान होत.

कायद्याची बाजूही पाहावी. आपल्याकडील राघूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचें संरक्षण आहे. त्यास पकडणें, विकणें वा पिंजऱ्यांत ठेवणें गुन्हा आहे. करड्या पोपटाची धरपकड इतकी झाली कीं, घाना देशांत १९९२ पासून त्याची संख्या शेंकडा ९० हून अधिक घटली. म्हणून २०१६ सालीं जोहान्सबर्ग येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनें रानांतून धरलेल्या पक्ष्यांच्या व्यापारास बंदी घातली. भारतांत २०२२ ची कायदादुरुस्ती व २०२४ चे नियम यांन्वयें, असा पक्षी बाळगणाऱ्यानें त्याची नोंद ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करावयाची असते. जन्म, मृत्यु व हस्तांतर हींही कळवावयाचीं असतात.

सारांश, ज्या घरीं रोज कोणी ना कोणी असतें, ज्यांच्यापाशीं कायदेशीर कागद आहेत आणि आपल्यामागें पक्ष्यास कोण पाहील हें ज्यांनीं आजच ठरविलें आहे, त्यांनींच या हौसेचा विचार करावा. इतरांनीं राघूचें बोलणें बांधावर उभें राहून ऐकावें. तेथें तो आपल्या थव्याशीं बोलत असतो, आणि त्याबद्दल चार कणसें घेतोच.