आधी आठशे, मग मॅरेथॉन

मैदानावर पालक हमखास विचारतात, "सर, हिला मॅरेथॉनला कधी उतरवायचं?" मुलगी असते आठवीत! (पदकाचा फोटो पालकांनाच जास्त हवा असतो.) मी तिला आधी आठशे मीटर पळवतो. पहिली फेरी सुसाट आणि दुसरीत खांदे कानाला लागले, की समजावं, वेगाचा अंदाज अजून यायचाय. वाढत्या वयात रोज लांब पळवलं तर नडग्या दुखू लागतात. शिवाय एकाच अंतराला चिकटून राहायची गरजही नसते; साताऱ्याच्या धावपटू ललिता बाबरचंच बघा. शाळेत खो-खो, पुढे मॅरेथॉन, आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली ती ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये. तेव्हा पोरांना ८००, १५००, ३००० सगळं पळू द्या. बेचाळीस किलोमीटरचा हट्ट अठरानंतर धरा.